डोळ्यात तेल

तो-आशूचा बोगदा जवळ आला
की वेफर्सची पाकिटं फुगायला लागतात.
अठरा वर्षं ट्रक चालवतोय मी या घाटात,
मागच्या खोक्यांतली ती कुरकुर
कानांच्या अंगवळणी पडलेली.
वर हवा विरळ होते, कोंडलेली हवा हातपाय पसरते.
एवढंच विज्ञान मला येतं,
आणि तेवढंच त्या दिवशी कामाला आलं.

घोडीनं लाथ झाडली तेव्हा आपा धार काढत होती.
दोन दिवस कुणाला बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी म्हणाली,
डावीकडून कुणीतरी काळा नमदा
हळूहळू खाली सोडतंय.

बिश्केकात डॉक्टर जिपारानं तिला समजेल असं सांगितलं:
डोळ्याच्या आतही एक नमदा असतो, आपा,
तुमच्या तंबूला असतो तसा, पण कांद्याच्या पापुद्र्याएवढा.
तो फाटलाय. भोकातून पाणी मागे शिरलं
आणि भिंत सोडून तो लोंबतोय.
आधी आम्ही आत ओतू पाण्याहून जड एक पाणी.
ते तळाला बसतं, सुरकुत्या दाबतं,
मागचं पाणी हुसकून लावतं.
मग भोकाभोवती लेसरचे टाके.

"आणि ते जड पाणी?"
काढून घ्यायचं. ते कामापुरतं, मुक्कामाचं नाही.
पण टाके धरेपर्यंत आत कुणीतरी टेकू द्यायला हवा:
वायूचा बुडबुडा, नाहीतर तेल.

वायू बरा, डॉक्टर म्हणाली,
दोनेक महिन्यांत आपला आपण विरून जातो.
तेल काढायला पुन्हा टेबलावर यावं लागतं.
न सांगता निघून जाणारा पाहुणा
आपाला एकदम पसंत पडला.

राहता कुठे?
"सुसामिर. घाटापलीकडे."
मला पाकिटं आठवली.
विचारलं, भीत भीत,
तो बुडबुडा घाटात फुगतो का हो?

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.
फुगतो. डोळा आतून आवळला जाईल,
उरलंसुरलंही जाईल.
वायू घातला तर विरेपर्यंत इथंच राहायचं, खाली.

"जूनमध्ये?" आपा म्हणाली.
"चाळीस घोड्या आणि सून एकटी?"

तेल ठरलं.
आम्ही नाही, घाटानं ठरवलं.

आयुष्यभर तिनं कळप राखला
तो डोळ्यात तेल घालूनच.
आता ते कागदावर आलं, सहीशिक्क्यासकट,
साडेचार मिलिलीटर.

पाच दिवस पालथी होती.
उशीला भोक, भोकाखाली फरशी,
एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं चपला बघायची.
नर्स मेरीमचे हिरवे बूट,
समोरच्या खाटेवरच्या म्हातारीच्या मुलाचे कर्जाऊ वाटणारे बूट,
माझे, चिखलाचे.
"टाच झिजलीय," म्हणायची, "डाव्या पायावर जोर देतोस.
बापासारखा."

डिसेंबरात तेल काढायला यायचंय.
तेव्हा पडदा धरून राहील का, मी विचारलं.
राहतो बहुतेक, डॉक्टर म्हणाली,
आणि बहुतेक या शब्दापाशी जरा थांबली.
काही डोळ्यांत ते कायमचंच ठेवावं लागतं.

परत निघालो. आपा शेजारच्या सीटवर,
मान खाली, कपाळ माझ्या गुंडाळलेल्या कोटावर.
वळणं मी तशी घेतली
जशी अंडी नेतानासुद्धा कधी घेतली नव्हती.
बोगद्यापाशी ढग उतरले होते,
मागे कुरकुर सुरू झाली,
आणि पायाशी ठेवलेलं एक पाकीट
फाट्‌दिशी फुटलं.

मी ब्रेक दाबला.
काही क्षण दोघंही गप्प.
मग कोटातून आवाज आला:
"ते माझं नव्हतं ना?"

नव्हतं.
तिनं न बघता हात पुढे केला.
बोगदा संपेपर्यंत आम्ही वेफर्स खाल्ले,
तिचे थोडे कोटात सांडले.